पडणाऱ्या कॉम्प्रेसरला हात लावायचा नाही

मागच्या महिन्यात भोसरीहून साडेसात एचपीचा सेकंडहँड कॉम्प्रेसर आणला, म्हणजे हवा दाबून टाकीत भरणारं मशीन, टू स्टेज, तीनशे लिटरची टाकी, आणि कराडजवळ ओगलेवाडीला आमच्या वर्कशॉपमध्ये उतरवून बसवला. स्टेटसला फोटो टाकला तर पंधरा-वीस जणांचे फोन आले की एवढं धूड हायड्राशिवाय, म्हणजे क्रेनशिवाय, उतरवलं कसं, माणसं किती लावली, गाडी कुठली केली. प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकतो. आणि लिहायला दुसरं कारण पण आहे, ते म्हणजे आमचे दादा.

दादा आमच्या वर्कशॉपमधले सगळ्यात जुने माणूस. मी ज्या मेस्त्रींच्या हाताखाली शिकलो तिथं ते माझ्या आधीपासून कामाला होते. बारा-तेरा वर्षं झाली असतील, मेस्त्रींनी पाच एचपीचा नवा कॉम्प्रेसर घेतला, टेम्पो दारात लागला, फाळका पाडला, सेंट्रिंगच्या दोन फळ्या टेकवल्या आणि आम्ही चौघं लागलो. मी वर हौद्यात, दादा खाली. मशीन निम्म्यात आलं आणि उजवीकडची फळी हौद्याच्या कडेवरून सटकली. मशीन धाडकन नाही पडलं, सावकाश कलायला लागलं, आणि तिथंच माणूस फसतो, कारण सावकाश कलणारी वस्तू दिसली की वाटतं धरता येईल. "धरा, धरा" असं ओरडलो तो मीच होतो. दादांनी धरलं.

मशीनचं काय झालं तर गेज फुटलं, बेल्ट गार्ड चेपलं, प्रेशर स्विचचं झाकण तुटलं. दोन दिवसांत सगळं नवं बसवून चालू. दादांच्या डाव्या घोट्यात पट्टी आणि स्क्रू घालावे लागले, आठ महिने घरी बसून काढले, आणि आज सुद्धा जिना उतरताना आधी डावा पाय खाली टेकवतात मग उजवा त्याच पायरीवर आणतात मग पुन्हा डावा. मी रोज बघतो ते. तेव्हा ओरडायला पाहिजे होतं "सोडा, बाजूला व्हा", आणि ते माझ्या तोंडून आलं नाही, म्हणून हे सगळं एवढ्या पोटतिडकीने लिहितोय.

आता आधी हे समजून घ्या की कॉम्प्रेसर एवढ्या पटकन कलतो कशानं. लोकांना वाटतं टाकी मोठी दिसते म्हणजे वजन खाली आहे. उलट आहे. टाकी पोकळ, पत्र्याची, आणि तिच्या डोक्यावर हवा दाबणारं बिडाचं हेड, त्याचं जड चाक म्हणजे फ्लायव्हील, आणि मोटर. माझ्या मशीनचं एकूण वजन साडेतीनशे किलो, त्यातलं सव्वादोनशेच्या आसपास टाकीच्या वर बसलंय. पायांचं माप घेतलं तर आडव्या बाजूला दोन पायांत फक्त १६ इंच, आणि वजनाचं केंद्र जमिनीपासून साधारण २७ इंचांवर. म्हणजे मधल्या रेषेपासून कडेला ८ इंच आणि उंची २७, हिशोब मांडला तर साडेसोळा अंश कललं की मशीन आपलं आपण जातं, पुढं ढकलायची गरजच नाही. साडेसोळा अंश म्हणजे किती, तर एका बाजूचे पाय साडेचार इंच उचलले की झालं. एक वीट आडवी आणि तिच्यावर एक फरशीचा तुकडा, बस एवढीच उंची. फळी सटकली, चाक खड्ड्यात गेलं, एका बाजूच्या माणसानं दुसऱ्याच्या आधी उचललं, यातलं काहीही पुरतं.

म्हणून मी ठरवलं होतं की मशीन जसंच्या तसं हलवायचंच नाही, आधी त्याचा पाया रुंद करायचा. भोसरीच्या दुकानदाराकडून पायांच्या होल टू होल मापाचे फोटो मागवले, टेप लावून काढलेले, आणि इथंच ७५ मिमीच्या लोखंडी चॅनेलची चौकट वेल्डिंग करून घेतली, पाच फूट लांब, तीन फूट रुंद, मधल्या दोन आडव्यांना पायांच्या मापाची होलं. चौकटीचं वजन पस्तीस किलो भरलं. ती टेम्पोत टाकूनच भोसरीला नेली आणि मशीनचे चारही पाय तिच्यावर नट-बोल्टनं आवळले, खालची रबरी पॅडं काढून, कारण पॅडं ठेवली तर प्रवासात मशीन डुलत राहतं आणि बोल्ट ढिले होतात. आता केंद्र तीन इंच वर गेलं पण पाया ३६ इंचांचा झाला, आणि जे मशीन साडेसोळा अंशात जात होतं ते तीस अंशापर्यंत उभं राहील असं झालं. लोखंड आणि एका संध्याकाळचं काम, बाकी काही खर्च नाही. फॅब्रिकेशनवाला नसाल तर बाभळीचे नाहीतर सालाचे चार बाय तीनचे वासे घ्या, काम तेच होतं.

भोसरीला पोचल्यावर पहिलं काम टाकी रिकामी करणं. हे बरेच जण सोडूनच देतात, म्हणतात मशीन बंद आहे, गेजवर झिरो आहे, चला उचला. आमच्या मशीनच्या गेजवर पण झिरोच होता. ड्रेन कॉक, म्हणजे टाकीच्या तळाची तोटी, अर्धा आटा फिरवला तर फुसफुस सुरू झाली आणि दीड-दोन मिनिटं चालली. गेजचा काटा अडकलेला होता. म्हणून गेजवर विश्वास टाकायचा नाही, कॉक उघडायचा आणि कानानं ऐकायचं, आणि आवाज बंद झाला की मगच पाना हातात घ्यायचा. बारा किलो प्रेशरला अर्ध्या इंचाच्या प्लगवर पंधरा किलोच्या आसपास जोर असतो, पण टाकीच्या टोकाला जे चार इंची हँडहोलचं झाकण असतं त्याच्यावर जवळजवळ एक टन जोर बसलेला असतो. ते कोणी हवा असताना सैल केलं तर पुढं काय होईल हे मला लिहायचं नाही.

हवा गेल्यावर पाणी आलं, गंजानं लालभडक झालेलं, पाऊण बादली. हे पाणी टाकीत राहिलं तर आठ-दहा किलो वजन तर वाढतंच, पण ते वजन हलतं असतं, उतारावर एका टोकाला धावतं. कॉक मी कराडपर्यंत उघडाच ठेवला. आणि टाकीवरची नेमप्लेट वाचल्याशिवाय सेकंडहँड मशीन घेऊ नका, बनवलेलं साल, चालवायचं प्रेशर, टेस्ट प्रेशर सगळं तिच्यावर असतं. प्लेटच नसेल तर मी घेणार नाही. आणल्यावर हायड्रो टेस्ट पण करून घेतली, पाणी भरून. हवेनं टेस्ट कधी करायची नाही, कारण हवा दाबली जाते आणि फुटली की सगळा जोर एकदम बाहेर टाकते, पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही म्हणून टाकी फुटली तरी तसा जोर बाहेर येत नाही.

त्यानंतर मोडण्यासारखं जे जे होतं ते काढून घेतलं. गेज, सेफ्टी वाल्व, एअर फिल्टर, ड्रेनचा बाहेर आलेला नळ सोडून बाकीच्या तोट्या. उघड्या होलांना कापडाचे बोळे न लावता प्लास्टिकचे प्लग मारले, कापडाचा बोळा आत गेला की नंतर वाल्व प्लेटमध्ये सापडतो. बेल्ट ढिले करून काढले, नंबर लिहून ठेवला. तांब्याची पाइप जी हेडपासून टाकीपर्यंत जाते तिला कोणी हात धरायला वापरू नये म्हणून तिच्यावर लाल टेप गुंडाळला, कारण उचलताना माणूस जे हाताला लागेल ते धरतो. ऑइल मी काढलं नाही, मशीन उभंच न्यायचं होतं. आडवं न्यायचा विचार कोणी करत असेल तर करू नका, ऑइल ब्रीदरमधून नाहीतर पिस्टनवरून हेडमध्ये जातं आणि तिकडं चालू केल्यावर वाल्वची वाट लागते.

उचलायला त्यांच्याकडं दोन टनी होइस्ट होता, त्यामुळं चढवणं सोपं गेलं. पण तिथंच एक गोष्ट घडली. त्यांच्या पोरानं हुक सरळ मोटरच्या आयबोल्टमध्ये, म्हणजे वरच्या कडीत, अडकवला. मी थांबवला. मोटरवरचा आयबोल्ट हा फक्त मोटर उचलण्यापुरता असतो, साठ-सत्तर किलोसाठी, सगळं मशीन त्याच्यावर टांगायचं म्हणजे मोटरचे चार फाउंडेशन बोल्ट आणि स्लाइड रेल यांच्यावर साडेतीनशे किलो लटकवायचे. हेडच्या कानांचं पण तेच. उचलायचं ते टाकीखालून पट्टे घेऊन. मी स्वतःचे दोन जांभळे पट्टे नेले होते, पट्ट्याचा रंग म्हणजे त्याची ताकद असते, जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन. पट्ट्याला कुठं कट आहे का, शिलाई उसवली आहे का ते बोटांनी चाचपून बघायचं, नुसतं नजरेनं नाही.

पट्ट्याच्या कोनाकडं पण बघा. हुक जेवढा उंच तेवढं बरं. पट्टे आडव्याशी साठ अंशात असतील तर साडेतीनशे किलोसाठी दोन बाजूंना प्रत्येकी दोनशेच्या आसपास ताण येतो, पण हुक खाली असेल आणि पट्टे पसरून तीस अंशात आले तर प्रत्येक बाजूला पुरेपूर साडेतीनशे. वजन तेच, पट्टा तोच, नुसता कोन बदलला. शिवाय पसरट पट्टे टाकीवरून आत घसरतात.

पहिल्यांदा चार इंच उचललं आणि थांबलो. हेडची बाजू खाली गेली, अपेक्षाच होती, हेड मोटरपेक्षा जड. खाली ठेवलं, पट्टा हेडकडं सहा इंच सरकवला, पुन्हा उचललं, आता सपाट. हे दोनदा-तीनदा करायला लाजू नका, पाच मिनिटं जातात.

गाडी छोटा हत्ती केली होती. साडेसातशे किलोची पासिंग, आपलं चौकटीसकट तीनशे पंच्याऐंशी, भरपूर झालं. वजनाची खात्री म्हणून भोसरीतच काट्यावर गाडी आधी रिकामी घेतली, चौकट आतच होती, आणि नंतर मशीन चढवून, फरक बरोबर ३५०. दुकानदार अडीचशे सांगत होता. आपण कोणाच्या सांगण्यावर पट्टा आणि पुली निवडायची नाही ती ह्याच्यासाठी, काट्याची पावती शंभर-दीडशे रुपयांत मिळते.

मशीन हौद्यात लांबीत ठेवलं, हेड केबिनकडं. आडवं ठेवलं असतं तर अरुंद बाजू पुढं-मागं आली असती आणि ब्रेकला मशीन केबिनवर कललं असतं. करकचून ब्रेक मारला तर वजनाच्या पाऊणपट, ऐंशी टक्के जोर पुढं येतो असं धरून चालायचं, म्हणजे आपल्या केसमध्ये तीनशे किलो. म्हणून चौकट आणि केबिनच्या मागचा पत्रा यांच्यामध्ये लाकडाचे ठोकळे ठासून भरले, म्हणजे सरकायला जागाच नाही. मग चार रॅचेट पट्टे, दोन टाकीवरून आडवे, दोन चौकटीच्या कोपऱ्यांतून तिरके. हेडवरून किंवा मोटरवरून एकही पट्टा नाही. जिथं पट्टा धारेवरून जातो तिथं जुन्या ट्यूबचा तुकडा. नायलॉनचा दोर कोणी सुचवला होता, नायलॉन ताणतो, सुरुवातीला घट्ट वाटतो आणि वीस किलोमीटरवर गळ्यातल्या माळेसारखा लोंबतो.

टेम्पोवाले मामा आमच्याच भागातले. माझं आवळणं बघून म्हणाले, "अवो शेठ, एवढं कशाला आवळताय, दोन पट्टं बास की." मी म्हटलं मामा, खेड शिवापूरला थांबू आणि बघू. थांबलो. चारपैकी दोन पट्टे रॅचेटला तीन-तीन खटके जास्त घेत होते. गाडी हादरते, ठोकळे बसतात, पट्टे सैल होतात, हे होणारच. त्यानंतर मामा स्वतःच शिरवळला थांबले आणि खंबाटकी चढायच्या आधी स्वतः उतरून एकेक पट्टा हातानं वाजवून बघितला. घाटात आम्ही वरच्या रस्त्यानं गेलो, तिथं वळणं सलग येतात आणि प्रत्येक वळणाला मशीन बाहेरच्या बाजूला रेटत असतं, आणि अरुंद बाजू तीच. मी मागं गाडीनं होतो, काचेतून मशीनच्या डोक्याकडं बघत. हललं नाही. सकाळी अकराला निघालो ते चारला ओगलेवाडीत.

आता उतरवणं. सगळे अपघात मी बघितलेले, ऐकलेले, ते इथलेच. प्रवास झालेला असतो, माणसं दमलेली असतात, दिवस कलायला लागतो, टेम्पोवाल्याला परत भाडं असतं, आणि कोणीतरी म्हणतं चला चार पोरं बोलवा, पाच मिनिटांचं काम. साडेतीनशे भागिले चार, साडेसत्त्याऐंशी किलो एकेकाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ सालीच शिफारस केलेली की पुरुषानं हातानं उचलायचं वजन ५५ किलोच्या वर नको. आणि चौघांत वजन कधीच सारखं वाटलं जात नाही, हेडकडचे दोघं दोनतृतीयांश उचलत असतात. आपल्या देशात १९४८ च्या कारखाने कायद्यात पण माणसाला इजा होईल एवढं वजन उचलायला लावू नये असं लिहून ठेवलेलं. आमच्या शेजारच्या पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी अख्खं आयुष्य पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसांसाठी घातलं, १९६९ चा माथाडी कायदा त्यातनं झाला, आणि त्याच जिल्ह्यात आपण अजून चार पोरं बोलावून कॉम्प्रेसर उतरवतो हे मला खरंच बोचतं.

हायड्रा मिळत होती पण आमच्या बोळात वरून विजेच्या तारा गेल्यात, बूम वर काढायला जागा नाही. तारांखाली हायड्रा लावायची नाही, ह्याच्यावर चर्चाच नको. म्हणून उतार करायचं ठरलं होतं. १०० च्या चॅनेलचे दहा फुटी दोन तुकडे, वरच्या टोकाला वाकवून हूक केलेले, ते हौद्याच्या कडेत अडकवले आणि वर साखळीनं गाडीला बांधले. त्या दिवशी दादांच्या पायावर जे झालं ते बांधलेलं नसल्यामुळंच झालं. हौद्याची उंची सव्वादोन फूट, दहा फुटाला सव्वादोन म्हणजे मशीन खाली ओढतंय तो जोर पंच्याऐंशी-नव्वद किलो, घर्षण धरलं तर त्याहून कमी. तेच फळी पाच फुटी असती तर पावणेदोनशे. उतार लांब करा, त्याला पैसे लागत नाहीत.

गाडीला हँडब्रेक, पहिला गिअर, चारी चाकांना दगडाच्या उट्या. आणि मागच्या चॅसीखाली लाकडाचे ठोकळे रचले, टायरपासून वेगळे, चॅसीला टेकतील असे. हे का ते सांगतो. वजन हौद्याच्या मागच्या टोकाला आलं की स्प्रिंगचे पाटे दबतात, गाडीचा मागचा भाग तीन-चार इंच खाली बसतो, आणि मशीन उतारावर गेलं की एकदम वर उसळतो. त्या उसळीत चॅनेल निघतो. ठोकळे लावले की गाडी जमिनीसारखी स्थिर.

मशीनच्या चौकटीला मागून, म्हणजे केबिनच्या बाजूनं, दीड टनी चेन पुलर लावला आणि त्याचं दुसरं टोक गाडीच्या पुढच्या चॅसीला. पुलरचा एकेक खटका सोडला की मशीन अर्धा-पाऊण इंच खाली येतं, आणि हात काढला की जागेवर थांबतं. माणसाच्या ताकदीवर काहीच अवलंबून नाही. उतारावर पाइपचे रोलर घालायचे नाहीत, रोलर सपाटीसाठी, उतारावर चॅनेलवर चॅनेल घासत आलं पाहिजे, जड वाटलं तर ग्रीसचं बोट फिरवायचं.

माणसं एकूण चार. एक पुलरवर, दोघं बाजूला, पण हाताच्या अंतरावर नाही, सहा फूट लांब, हातात पहार, फक्त चौकट चॅनेलवर सरळ येतेय का ते बघायला. उतारासमोर कोणी नाही, मामांना पण तिथून हटवलं. आणि चौथे दादा. त्यांना खुर्ची देऊन बोळाच्या पलीकडं बसवलं, जिथून दोन्ही चॅनेलची टोकं दिसतात, आणि सगळ्यांना सांगितलं की आज आवाज फक्त दादांचा. ते "थांब" म्हणाले की पुलर थांबणार, बाकी कोणी काही बोलायचं नाही. आणि सुरू करायच्या आधी एकेकाकडून वदवून घेतलं, पडत असेल तर काय करायचं. पोरं हसत हसत म्हणाली, "सोडायचं आणि पळायचं." दादा हसले नाहीत. म्हणाले, "पुन्हा म्हणा." पुन्हा म्हणाली, यावेळी कोणी हसलं नाही.

चाळीस मिनिटं लागली दहा फुटांना. दादांनी पाचदा थांबवलं. तिसऱ्या वेळी मला काहीच दिसलं नाही, त्यांनी बोटानं दाखवलं, डावीकडच्या चॅनेलचं खालचं टोक फरशीवर अर्धा इंच सरकलं होतं. पहार लावून जागेवर आणलं, खाली पोत्याची घडी घातली, पुढं काही अडलं नाही. शेवटचा फूटभर सगळ्यांना घाई होते, हात आपोआप मशीनकडं जातात, आणि नेमका तेव्हाच दादांचा "हात मागं" असा आवाज आला, माझ्यासाठी होता तो.

सपाटीवर आल्यावर दीड इंची पाइपाचे चार तुकडे, चौकटीपेक्षा दोन्हीकडं सहा-सहा इंच लांब, म्हणजे दिशा बदलायची तर हातोडीनं टोकाला टिचकी मारायची, बोटं कुठंच घालायची नाहीत. पाइपच्या भोकात अंगठा घालून पाइप उचलायची सवय असते पोरांना, ती सोडवा, मशीन हललं की अंगठा तिथंच राहतो. मागून सुटलेला पाइप उचलून पुढं टाकायचा, मशीन थांबवूनच. अशी पंचवीस फुटं गेली.

जागेवर भिंतीपासून दीड फूट लांब ठेवला, फ्लायव्हीलची बाजू भिंतीकडं पण हवा खेळेल एवढी जागा सोडून. चौकट काढली नाही, तिच्याखालीच रबरी पॅडं घातली आणि स्पिरिट लेव्हल लावली, आता ती कायमची तिथंच राहील. त्या दिवशी चालू केला नाही. ऑइल खाली बसू दे म्हणून रात्रभर ठेवला. दुसऱ्या दिवशी ऑइलची काच बघितली, अर्ध्यावर होती, बेल्ट चढवले, अंगठ्यानं मधोमध दाबला तर अर्धा इंच जावा एवढा ताण ठेवला, मोटरचे आणि हेडचे सगळे बोल्ट पुन्हा आवळले, दोन खरंच सैल झाले होते. फ्लायव्हील हातानं आठ-दहा फेरे फिरवलं. थ्री फेजला दिशा उलटी लागू शकते म्हणून नुसता टिचभर स्टार्ट देऊन बंद केला, उलटाच फिरत होता, फ्लायव्हीलचे पंखे वारा हेडवर टाकायच्या ऐवजी बाहेर फेकत होते. दोन वायरी बदलल्या. दहा मिनिटं आउटलेट उघडा ठेवून रिकामा चालवला, मग नवं गेज आणि सेफ्टी वाल्व बसवून भरायला घेतला.

दादा स्टूल घेऊन समोर बसले होते. साडेपाच मिनिटांत काटा दहावर आला, स्विच पडला, अनलोडरनं फुस्स केलं आणि मशीन थांबलं. त्यांनी खिशातून खडू काढला, बेल्ट गार्डवर फिरण्याच्या दिशेचा मोठा बाण काढला, त्याच्याखाली काट्याच्या पावतीवरचं वजन लिहिलं, ३५० किलो, आणि म्हणाले हे आता ऑइल पेंटनं कर, उद्या कोणाला हलवायला लागला तर त्याला विचारावं लागायला नको. रविवारी पेंटनं केलं.